केस पेपरवर न मावणारी माहिती

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डातले आईबाप काही दिवसांतच डॉक्टरांसारखंच त्याला 'ए-एल-एल' म्हणायला लागतात. उपचार नीट पूर्ण झाले तर हा आजार बहुतेक मुलांमध्ये बरा होतो. लागणारी मुख्य औषधं नवी नाहीत, त्यांतली बरीचशी कित्येक दशकं वापरात आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक मोहीम सुरू केली तेव्हा चित्र असं होतं: श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होत होती, आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत.

याची कारणं अनेक आहेत. निदान उशिरा होतं, औषधांचा पुरवठा तुटतो, उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने मूल दगावतं. पण एक कारण कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. मूल औषधांना चांगला प्रतिसाद देत असतं आणि एक दिवस ते येतच नाही. ठरलेली तारीख जाते, पुढची जाते, फोन बंद लागतो. बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येनुसार सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडला की 'उपचार सोडले' असं धरतात.

का सोडले, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. त्यासाठी कुणीतरी त्या घरातल्या माणसांशी बोलावं लागतं, एका घराचं दुसऱ्या घराशी ताडून पाहावं लागतं, मग एखादा उपाय करून तो लागू पडतो का तेही तपासावं लागतं. आजारी किंवा दिव्यांग मुलांच्या कुटुंबांबाबत समाजकार्याचं संशोधन म्हणतात ते हेच काम. आपल्याकडे याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. अनेकांच्या मनात रुग्णालयातली समाजसेविका म्हणजे 'ट्रस्टच्या फॉर्मवर सही देणाऱ्या मॅडम' एवढीच ओळख असते. त्या सहीमागे किती विचार आणि किती शिस्तीचं काम असू शकतं, ते कळावं म्हणून हा लेख.

मुंबईतल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उदाहरण आधी पाहू. परळच्या या रुग्णालयात देशभरातून मुलं येतात: बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून, आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातूनही. २००९ च्या सुमारास इथे येणाऱ्या मुलांपैकी जवळपास पाचातलं एक मूल उपचार नाकारत असे किंवा अर्ध्यावर सोडत असे. पुढच्या सात-आठ वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. हे कुठल्याही नव्या औषधाने घडलं नाही. समाजसेवक आणि समुपदेशकांची वेगळी फळी उभी राहिली, नव्या मुलाचं नाव नोंदवलं की घरची माहिती घ्यायची पद्धत बसली, राहण्याची आणि पैशांची तजवीज उपचारांच्या सुरुवातीलाच होऊ लागली, मुलाच्या पोषणाकडे लक्ष गेलं, आणि तारीख चुकली की कुणीतरी फोन करू लागलं.

फोन करणं ही फार साधी गोष्ट वाटते. पण कोणाला फोन करायचा हे कळायला आधी यादी लागते, रोज ती तपासणारा माणूस लागतो, आणि 'का आला नाहीत?' असं दटावण्याऐवजी 'काय अडलं?' असं विचारणारा आवाज लागतो. गाडीभाडं नाही, असं उत्तर आलं तर पुढे काय करायचं, हे त्या माणसाला माहीत असावं लागतं. नाहीतर तो फोन म्हणजे आईबापाला आणखी एकदा अपराधी वाटायला लावण्याची सोय होते.

राहण्याचा प्रश्न तर सगळ्यांत आधी येतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेली असते, आणि त्याच मुलाला घेऊन आईबाप फुटपाथवर झोपतात हे दृश्य परळकरांना नवं नाही. दादरची गाडगेबाबा धर्मशाळा कित्येक वर्षं अशा कुटुंबांना आधार देत आली आहे. २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू केली. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला उपचार संपेपर्यंत तिथे विनामूल्य राहता येतं. डोक्यावर छप्पर देणं हा दानधर्म आहे असं आपण समजतो. संशोधनाच्या भाषेत तो उपचाराचा भाग आहे, कारण त्याचा परिणाम मूल वाचतं की नाही यावर होतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भीक आणि उपचार यांतला फरक अशा आकड्यांमुळे सिद्ध करता येतो, आणि मग त्यासाठी अंदाजपत्रकात जागा मागता येते.

आता ही माहिती गोळा कशी होते ते जवळून पाहू.

समाजकार्यातलं एक जुनं साधन आहे, इको-मॅप. अ‍ॅन हार्टमन या अमेरिकन समाजकार्य-प्राध्यापिकेने १९७५ मध्ये ते तयार केलं. कागदाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ काढायचं, त्यात घरातली माणसं. भोवती छोटी वर्तुळं: नातेवाईक, शाळा, कामधंदा, रुग्णालय, देऊळ, बचत गट, सावकार. मग मधल्या वर्तुळापासून प्रत्येकाकडे रेघ. नातं भक्कम असेल तर जाड, पातळ असेल तर तुटक, ताणाचं असेल तर काटेरी. मदत कुठून कुठे वाहते ते बाणाने दाखवायचं.

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या एका गावातून सात वर्षांची मुलगी आली आहे. बाप कोरडवाहू सोयाबीन करतो, उरलेले दिवस मजुरी. चार वर्षांचा धाकटा गावी आजीजवळ आहे. पहिल्या भेटीत सगळी उत्तरं बापच देतो.

"मुंबईत कुठं उतरलात, दादा?"

"सध्या तं इथंच, बाहेर. मंग पाहू."

"आतापर्यंत पैसे कुठून उभे केले?"

"मेव्हण्याकडून आणले जी. आन् एक म्हैस इकली."

आई गप्प. समाजसेविका बापाला रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला पाठवते आणि मग आईकडे वळते. आता कळतं की म्हैस विकली तिच्या दुधावर घरचा रोजचा खर्च चालत होता. आजीला दिसत कमी, त्यामुळे धाकट्याचा घोर आहे. सासरे म्हणतात, 'पोरीपायी किती घालवता?' आणि आईचा सख्खा भाऊ कल्याणला रिक्षा चालवतो, पण मानापमानावरून दोन घरांत बोलणं नाही, म्हणून त्याला काहीच कळवलेलं नाही.

केस पेपरवर यातलं एक अक्षर नसतं. तिथे हिमोग्लोबिन असतं, प्लेटलेट्स असतात. पण हे मूल तिसऱ्या महिन्यात येईनासं होईल की नाही, हे या दुसऱ्या कागदावरून जास्त ओळखता येतं. सासऱ्यांकडे जाणारी रेघ काटेरी आहे, म्हणजे मुलीच्या उपचारांना घरातूनच विरोध होऊ शकतो. भारतातल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांसाठी आणलेल्या मुलांमध्ये मुलींची संख्या अपेक्षेपेक्षा कमी भरते, हे नोंदींतून दिसलेलं आहे. तेव्हा ही भीती हवेतली नाही. कल्याणच्या मामाकडे आज रेघच नाही, पण ती जोडता येण्यासारखी आहे. गावातल्या आशाताईंना सांगून धाकट्याची विचारपूस करता येईल. अशी शेकडो घरं एकत्र मांडली की समान धागे दिसू लागतात: कोणत्या टप्प्यावर माणसं थकतात, अंतराचा किती परिणाम होतो, कर्जाचा किती. एका घराच्या अडचणीत मदत करणं हे समाजकार्य. शेकडो घरांच्या अडचणींतून पद्धत शोधणं हे संशोधन. दोन्ही एकाच खोलीत, बहुतेकदा एकाच माणसाकडून होतं.

या कामाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना रुग्णांच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करायला नेमलं. १९०५ मध्ये बॉस्टनला डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी आपल्या दवाखान्यात समाजसेवकांना जागा दिली. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं 'टिस' म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत या पदाला 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात. महापालिकेच्या रुग्णालयांत लोक सरळ 'एमएसडब्ल्यू' म्हणतात.

कर्करोगाच्या बाबतीत निदान एक शेवटची तारीख असते, उपचार संपल्याची. विकासात्मक अपंगत्वात ती नसते. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था), बौद्धिक अपंगत्व यांच्यासोबत घराला वर्षानुवर्षं जगायचं असतं. असं मूल असलेली घरं मोजकीच आहेत असा समज असेल तर तो चुकीचा आहे. कांगडा, पलवल, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६ ते ९ वयोगटातल्या १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित अशी निदान एक अडचण आढळली. यात ऐकू कमी येण्यापासून अपस्मारापर्यंत आणि शिकण्यातल्या अडचणींपासून स्वमग्नतेपर्यंत सगळं आलं. चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच मुलं असू शकतात, असा याचा साधा अर्थ.

गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. तिथल्या संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी, शिक्षकांशी आणि इतरांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकडे कमी आणि माणसं जास्त आहेत. एक गोष्ट त्यात ठळक दिसली: निदानानंतर कुटुंबं आधी लोकांतून अंग काढून घेतात. लग्नकार्याला जाणं बंद होतं, शेजारी येणं बंद होतं. पुढे काही काळाने ती पुन्हा माणसांत येतात, पण तेव्हा त्यांची माणसं थोडी बदललेली असतात. इतर पालक, एखादी शिक्षिका, समजून घेणारा एखादा नातेवाईक. डॉक्टर, शिक्षक आणि धर्मगुरू या तिघांनाही स्वमग्नतेची नीटशी माहिती नसल्याने आईबापांची वणवण होते, पैसाही जातो आणि उमेदही, हेही या अभ्यासाने नोंदवलं.

ही वणवण मराठी घरांना ओळखीची आहे. 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते', इथून सुरुवात होते. मग टीव्हीचा दोष, मोबाइलचा दोष, आणि शेवटी आईचा दोष. फाटलेल्या ओठाचं मूल जन्मलं की 'ग्रहणात भाजी चिरली असशील' हे आजही ऐकवलं जातं. हे बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा असतोच असं नाही, पण बाळंतीण ते आयुष्यभर विसरत नाही. अनेक सामाजिक पाहण्यांत दोषाचं हे ओझं मोठ्या खर्चाच्या बरोबरीने येतं, आणि ते बहुतेक एकट्या आईच्या डोक्यावर असतं.

मग त्या ऐकण्यातून पुढे काय? इथे गोव्यातलाच दुसरा अभ्यास सांगण्यासारखा आहे. स्वमग्न मुलांसाठी प्रशिक्षित थेरपिस्ट मोठ्या शहरांतही पुरेसे नाहीत, तर तालुक्यात कुठून असणार? तेव्हा इंग्लंडमध्ये तयार झालेली पालक-प्रशिक्षणाची एक पद्धत इकडच्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली, आणि ती शिकवायला तज्ज्ञ न घेता साध्या आरोग्य-कार्यकर्त्यांना तयार केलं. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ मुलं निवडली. कोणाला हे प्रशिक्षण मिळेल आणि कोणाला नेहमीचेच उपचार चालू राहतील हे नशिबावर सोडलं, म्हणजे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकल्या. असं करण्यामागे कारण आहे. आपण निवडायला बसलो तर जास्त उत्साही, जास्त शिकलेले आईबाप आपोआप एका गटात जातात, आणि मग फरक प्रशिक्षणाने पडला की आईबापांमुळे, ते कळत नाही.

अशा भेटीत काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. मुलगा फरशीवर बसून डब्याचं झाकण गरगर फिरवतो आहे. आई समोर बसून विचारते, "हे काय आहे? झाकण म्हण. झा-कण. कुठला रंग? सांग ना." मुलगा वळत नाही. कार्यकर्ती हे मोबाइलवर चित्रित करते आणि नंतर आईबरोबर बसून पाहते. एका जागी थांबवते. "ताई, इथे बघा, त्याने झाकण थांबवलं आणि तुमच्या हाताकडे पाहिलं." आईने ते पाहिलंच नव्हतं, तेव्हा ती पुढचा प्रश्न विचारत होती. पुढच्या वेळी आई प्रश्न विचारत नाही. तीही एक झाकण घेते, त्याच्या शेजारी फिरवते, आणि झाकण पडलं की म्हणते, "पडलं!" आणि थांबते. तो तिच्याकडे पाहतो. पुन्हा झाकण तिच्या हातात देतो.

या पद्धतीचा गाभा इतकाच: मुलाला आपल्याकडे ओढण्याआधी त्याचं लक्ष जिथे आहे तिथे आपण जायचं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. प्रशिक्षण मिळालेले पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले, आणि मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी भरला, आणि संशोधकांनी तेही लपवलं नाही. चांगला अभ्यास असाच असतो. जे जमलं नाही तेही तो सांगतो, म्हणून जे जमलं त्यावर भरवसा ठेवता येतो. आणि जमलेली गोष्ट लहान नाही: तज्ज्ञ नसलेल्या गावातही, शिकवून तयार केलेली स्थानिक बाई हे काम करू शकते असा रस्ता त्यातून दिसला.

आता या विषयातल्या दोन जुन्या अमेरिकन अभ्यासांकडे वळतो. माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि नातेवाइकांनी दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे दोन माहीत करून घ्यावेत.

१९६२ मध्ये सायमन ओल्शान्स्की यांनी समाजकार्याच्या एका नियतकालिकात छोटा लेख लिहिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर काम करताना त्यांना दिसलं की या आईबापांचं दुःख संपत नाही; ते आयुष्यभर सोबत राहतं, कधी दबलेलं, कधी वर आलेलं. तोवर तज्ज्ञ मंडळी याला 'अजून वास्तव स्वीकारलेलं नाही' असं म्हणत. ओल्शान्स्की म्हणाले, हा आजार नाही, हा एका कठीण परिस्थितीला दिलेला नैसर्गिक प्रतिसाद आहे. दुःख आहे म्हणून प्रेम कमी आहे असं नाही, आणि 'आता स्वीकारा' असं पालकांच्या मागे लागू नका.

१९८१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लिन विकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. पालकांना त्यांनी सांगितलं: निदानापासून आजपर्यंत तुमचं मन कसं होतं, ते रेघ काढून दाखवा. समाजसेवकांनाही विचारलं: तुमच्या मते पालकांना कोणता काळ किती जड जातो? बहुतेक पालकांची रेघ हळूहळू वर चढणारी नव्हती, वरखाली होणारी होती. आणि समाजसेवकांचा अंदाज एका ठरावीक दिशेने चुकला. निदानाच्या सुरुवातीचा धक्का त्यांनी होता त्यापेक्षा मोठा मानला, आणि नंतरच्या वर्षांतले धक्के होते त्यापेक्षा लहान.

ही चूक आपण सगळेच करतो. निदान झालं की घरी माणसांची रीघ लागते, फोन येतात, डबे येतात. मूल नऊ वर्षांचं झालं की कोणी येत नाही, कारण 'आता त्यांना सवय झाली असेल'. पण दुःख दिनदर्शिका पाहून येतं. इतर मुलं चालायला लागतात तेव्हा. बालवाडीच्या प्रवेशाला 'आमच्याकडे सोय नाही' ऐकावं लागतं तेव्हा. धाकटी बहीण मोठ्या भावाच्या पुढे जाते, आणि त्याच्या बुटांची नाडी बांधून देते तेव्हा. बरोबरीची मुलं दहावीला बसतात तेव्हा. आणि आपल्याकडची खास वेळ म्हणजे बहिणीला पाहायला पाहुणे येणार असतात आणि कोणीतरी हळूच सुचवतं की दादाला तेवढ्यापुरतं आत्याकडे ठेवूया.

मुलगी वयात येते तो काळ तर फार कठीण. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या आणि देशभर निषेध उठला. मासिक पाळीची स्वच्छता या मुलींना जमत नाही, हे कारण तेव्हा पुढे केलं गेलं होतं. शिकवायला आणि सांभाळायला पुरेशी माणसं नसली की त्याची किंमत मुलीच्या शरीराने मोजावी लागते, हे त्या घटनेत उघड झालं. आज २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. कायदा झाला, पण तेरा वर्षांच्या मुलीला पॅड बदलायला चित्रांच्या पट्टीवरून, टप्प्याटप्प्याने शिकवणारं माणूस जिल्ह्यात कुठे मिळेल, याचं उत्तर अजून बऱ्याच आयांकडे नाही.

प्रत्येक घराला सगळीच मदत लागते असंही नाही. बालरुग्णांच्या मानसिक-सामाजिक सेवेत अ‍ॅन कझाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची तीन पायऱ्यांची मांडणी अनेक ठिकाणी वापरतात. निदानाच्या वेळी पालकांना एक छोटी प्रश्नावली देतात. बहुसंख्य कुटुंबं धक्क्यात असतात पण तग धरून असतात; त्यांना नीट माहिती आणि ओळखीचा एक माणूस पुरतो. काही कुटुंबांत आधीच ताण असतो, पैशाचा किंवा नात्यांचा, त्यांना नेमकी मदत लागते. आणि थोडी कुटुंबं खरोखर संकटात असतात, घरात हिंसा, व्यसन किंवा नैराश्य असतं, तिथे तज्ज्ञ हवा. जिथे शेकडो रुग्णांमागे एक समाजसेवक आहे तिथे अशी चाळणी लावणं गरजेचं आहे, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच काम होतं आणि कोपऱ्यातली आई राहून जाते.

नेमकी मदत म्हणजे काय, याचंही एक तपासलेलं उदाहरण देतो. अमेरिकेत कर्करोग झालेल्या मुलांच्या आयांना 'प्रश्न सोडवायला' शिकवणारी आठ भेटींची पद्धत तयार झाली. त्यात धीराचे शब्द कमी आणि सराव जास्त. अडचण एका वाक्यात लिहा. सुचतील तेवढे मार्ग लिहा, वेडेवाकडे वाटले तरी. एक निवडा, करून पाहा, जमलं का ते तपासा. २००५ मध्ये चारशेहून जास्त आयांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकलेल्या आयांची प्रश्न हाताळण्याची क्षमता वाढली आणि खिन्नता कमी झाली. सर्वांत जास्त फायदा तरुण आणि एकट्या आयांना झाला. याउलट 'देवाने खास तुलाच निवडलं' किंवा 'किती खंबीर आहेस गं' या वाक्यांनी आईला बरं वाटतं असं कोणी मोजून दाखवल्याचं मला ठाऊक नाही. खंबीर म्हटलं की तिला मदत मागणं अवघड जातं, एवढं मात्र पालकांच्या गटात बसलं की वारंवार ऐकू येतं.

या संशोधनात उणिवाही आहेत. बहुतेक अभ्यास आईशी बोलतात, बापाशी कमी, आणि भावंडांशी तर फारच कमी. शहरातल्या रुग्णालयापर्यंत पोचलेली कुटुंबंच मोजली जातात. जी पोचलीच नाहीत, ती कोणत्याच तक्त्यात नाहीत. परदेशी प्रश्नावल्या आईबाप आणि मुलं एवढंच घर धरून चालतात. आपल्याकडे निर्णय आजोबांचा असतो, सांभाळ आजीचा, खर्च काकांचा. ते घर त्या चौकटीत बसत नाही.

सरकारी सोयी कागदावर पुष्कळ आहेत, आणि त्या घरापर्यंत पोचवणं हा समाजसेवकाच्या कामाचा मोठा भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळांत मुलांची तपासणी होते, आणि अडचण दिसलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधी गाठावं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र, लवकर काढावं, कारण पुढचे बहुतेक अर्ज त्यावरच चालतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते, आणि त्यात थेरपीचा, बाह्यरुग्ण विभागाचा खर्चही धरला जातो. एवढं असूनही, कुठला कागद कुठल्या खिडकीवर, हे सांगणारं माणूस नसेल तर बाप तीन रोज बुडवून हात हलवत परत येतो.

आणि एक गोष्ट बहुतेकांना वेळेवर कळत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आणि आईबाप त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत, मालमत्तेच्या कामात, कधी रुग्णालयातही यावरून अडतं. 'आमच्यानंतर याचं कोण?' हा प्रश्न प्रत्येक पालक-गटात येतो, आणि या प्रश्नाची एक कायदेशीर बाजू १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईबाप स्वतः अर्ज करू शकतात, आणि पालक म्हणून भाऊ-बहीण किंवा दुसऱ्या नातेवाइकाचं नावही सुचवता येतं. ज्याचं नाव घालणार त्याच्याशी, आणि ज्याच्यासाठी अर्ज आहे त्या मुलाशीही, त्याला समजेल तसं आधी बोलून घ्या. सतरावं लागलं की जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या नोंदणीकृत संस्थेत चौकशी सुरू करा.